सक्काऱ्याचं 'बंद पिरॅमिड' आतून दाखवतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

गिझाच्या पिरॅमिडपाशी उंटवाले कसे लुबाडतात, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. उंटावर चढायचे पैसे वेगळे आणि उतरायचे वेगळे, हे निघण्याआधीच कुणीतरी कानावर घातलेलं असतं. मी लिहितेय ती फसवणूक निराळी आहे. ती आधीपासून तयारी करून केली जाते, आणि इतिहासावर मनापासून प्रेम असलेली, चार फोटो काढून माघारी न फिरणारी माणसं त्यासाठी हेरली जातात. माझ्या वडिलांना असंच हेरलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला भर उन्हात वाळूत उभं करून 'तुरुंगात जाल' म्हणून दटावलं. पैसे गेले त्यापेक्षा मला याची चीड जास्त आहे, आणि ती अजून निवलेली नाही.

बाबा तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे. मी नोकरीनिमित्त दुबईला असते. गेल्या हिवाळ्यात आई-बाबा माझ्याकडे आले होते, तेव्हा इथूनच कैरोला जायचं ठरलं. बाबांचा ओढा गिझापेक्षा सक्काऱ्याकडे. कैरोहून दक्षिणेला गाडीने तासाभराच्या आत लागणारं हे वाळवंटातलं दफनक्षेत्र म्हणजे पिरॅमिड या कल्पनेचं माहेर. तिसऱ्या घराण्यातल्या जोसर राजासाठी इम्होतेपने बांधलेला सहा पायऱ्यांचा, साठेक मीटर उंच पिरॅमिड इथे आहे. दगडातली एवढी मोठी वास्तू त्याआधी इजिप्तमध्ये उभी राहिली नव्हती. वर्षानुवर्षं दुरुस्तीसाठी बंद असलेला हा पिरॅमिड मार्च २०२० मध्ये पुन्हा खुला झाला. बाबांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली होती.

सक्काऱ्याचं खोदकाम संपलेलं नाही. मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला १८५० साली वाळूतून वर आलेलं एक स्फिंक्सचं डोकं दिसलं, त्याचा माग काढत त्याने आपिस या पवित्र मानलेल्या बैलांची भुयारी दफनं, म्हणजे सेरापियम, शोधून काढलं. लाउअर नावाचा फ्रेंच वास्तुरचनाकार १९२६ साली इथे आला आणि २००१ मध्ये मरेपर्यंत जोसरच्या परिसरातला दगड न् दगड जुळवत राहिला. २०२० च्या ऑक्टोबरात ५९ रंगीत शवपेट्या जगासमोर आल्या, पुढच्याच महिन्यात आणखी शंभराच्या वर. २०२२ मध्ये पुन्हा अडीचशे. अजूनही दर वर्षी काहीतरी वर येतंच. त्यामुळे 'आमच्या खोदकामात परवाच सापडलंय, अजून कुणी पाहिलेलं नाही' हे वाक्य सक्काऱ्यात कुणी म्हटलं तर ते खोटं वाटत नाही. या टोळीचं सगळं भांडवल तेच आहे.

बाबांना ओढ होती सेखेमखेतच्या पिरॅमिडची. जोसरनंतरचा हा राजा. त्याचा पिरॅमिड बांधायला घेतला आणि थोडा वर येताच सोडून दिला. मग तो हजारो वर्षं वाळूखाली गेला. झकारिया गोनेम या इजिप्शियन पुरातत्त्वज्ञाने तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधला. आत अलाबास्टर या पांढरट दगडाची शवपेटी मिळाली, बंद, न फोडलेली. १९५४ च्या जूनमध्ये ती उघडली तर रिकामी. पुढे गोनेमवर एक मौल्यवान भांडं पळवल्याचा आळ आला, आणि १९५९ साली नाईल नदीत त्याचा मृतदेह सापडला. ते भांडं नंतर कैरोच्या संग्रहालयातच मिळालं. बाबा ही गोष्ट वर्गात सांगायचे, मी त्यांच्या तोंडून ती लहानपणापासून ऐकलेली आहे. हा पिरॅमिड आतून पर्यटकांना दाखवत नाहीत.

इजिप्तच्या इतिहासाची आवड असलेल्या लोकांच्या एका समूहात बाबांनी विचारलं होतं, की सेखेमखेतचा पिरॅमिड निदान जवळून तरी बघता येतो का. दुसऱ्या दिवशी खाजगी निरोप आला. लिहिणारा स्वतःला सक्काऱ्याच्या एका उत्खनन पथकातला सहायक म्हणवत होता. 'आपल्यासारखे अभ्यासक फार कमी येतात,' अशी सुरुवात. मग रोज थोडं थोडं. आज एका खड्ड्याचा फोटो, उद्या शवपेट्यांच्या रांगेचा. आठवडाभरात तो बाबांना 'उस्ताज', म्हणजे गुरुजी, म्हणायला लागला होता. शेवटी मुद्द्यावर आला: संशोधकांसाठी खास परवानगी मिळते, माझी कचेरीत ओळख आहे, दोघांचे १८० डॉलर भरावे लागतील, गाडी त्यातच.

परवानगीपत्र आलं. वर गरुडाची मुद्रा, पुरातत्त्व परिषदेचं नाव, खाली अरबी सही आणि निळा गोल शिक्का. पैसे मात्र एका व्यक्तीच्या नावावर, पैसे पाठवणाऱ्या खाजगी दुकानातून. कारण विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं: सरकारी कचेरीत परदेशी माणसाकडून थेट पैसे घेत नाहीत. हे धादांत खोटं आहे. इजिप्तमधल्या मोठ्या स्थळांवर आता तिकीटही बँकेच्या कार्डानेच काढावं लागतं, रोख घ्यायला खिडकीवरचा माणूस नकार देतो. जो देश पर्यटकाकडून तिकिटाचे पैसे कार्डावर घेतो, त्याला परवानगीचे पैसे कुण्या माणसाच्या खाजगी नावावर कशाला हवेत?

ठरल्या दिवशी गाडी आली. वाटेत ड्रायव्हरने 'गालिच्यांची शाळा' दाखवायला थांबवलं. सक्काऱ्याच्या रस्त्यावर अशा शाळा ओळीने आहेत, लहान मुलं मागावर बसलेली दिसतात आणि मागच्या खोलीत विक्री चालते. तिथून लवकर निघालो. गेटवर आमची तिकिटं आम्हीच काढली, जोसरचा परिसर मनसोक्त पाहिला. त्या एवढ्या वेळात बाबा किती खूश होते! खांबांच्या ओळीतून जाताना ते मला सांगत होते, की बघ, बोरूच्या जुड्यांचा आकार दगडात घडवलाय, कारण दगडात खांब कसा करायचा हे अजून कुणाला ठाऊकच नव्हतं. आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून ती गाडीत जाऊन बसली.

जोसरच्या दक्षिणेच्या भिंतीपाशी दोन माणसं आमची वाट बघत होती. एकाच्या गळ्यात प्लास्टिकमधलं ओळखपत्र, अंगात खूप खिशांचं जाकीट. तो मुफत्तिश, म्हणजे पुरातत्त्व खात्याचा निरीक्षक. दुसरा वयस्कर, अंगात मळकी गलाबिया, म्हणजे पायघोळ झगा, डोक्याला फेटा. हा म्हणे रईस, खोदकामावरचा मुकादम, क्विफ्तचा. बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. क्विफ्त हे गाव इतिहासात शिरलेलं आहे: १८९० च्या दशकात पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने तिथल्या माणसांना शास्त्रशुद्ध खोदकाम शिकवलं, आणि पुढच्या पिढ्या इजिप्तभरच्या उत्खननांवर मुकादम म्हणून गेल्या. हे माहीत असलेल्या माणसाला 'हा क्विफ्तचा' म्हणून सांगितलं की तो विरघळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बाबांचे सगळे निरोप वाचलेले होते.

आम्हाला नैऋत्येला नेलं. वाळूचा एक सखल उंचवटा, भोवती चार खांबांना बांधलेली दोरी, निळी ताडपत्री, आणि खड्ड्याच्या तोंडावर बादली खाली सोडायचा लाकडी रहाट. कामावर एकही माणूस नाही. 'आज सुट्टी आहे,' मुफत्तिश म्हणाला. वार मंगळवार.

मग बाबांनी एक प्रश्न विचारला. सेखेमखेतच्या परिसराच्या भिंतीवर बांधणाऱ्यांनी लाल रंगात केलेल्या खुणा आहेत, आणि त्यांत इम्होतेपचं नाव आहे. ती गोष्ट अभ्यासकांना महत्त्वाची वाटते, कारण त्यावरून इम्होतेप या बांधकामाच्या वेळीही होता असं दिसतं. बाबांनी विचारलं, 'इम्होतेपचं नाव कुठल्या बाजूला आहे?' मुफत्तिशने इकडेतिकडे पाहिलं आणि खड्ड्याच्या कडेच्या एका दगडाकडे बोट केलं. 'इथे. हेच.' त्या दगडावर छिन्नीचे तीन-चार तिरके ओरखडे होते. रंगाचा मागमूस नाही. बाबा वाकले, चष्मा वर करून डोळे अगदी जवळ नेले, आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा माझ्याशी मराठीत म्हणाले, 'अगं, हा तो नव्हे. आपल्याला भलतीकडे आणलंय. चल, आईकडे जाऊ.'

आमची पावलं वळताहेत हे बघताच सगळं भराभर घडलं. मुकादम हसत पुढे आला, आधी पहारेकऱ्याचे म्हणून चाळीस डॉलर मागितले, ते मी देऊन टाकले. मग त्याने गलाबियाच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून बाबांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं मिटवली. 'हदिया. उस्ताजसाठी भेट. परवा इथेच निघाली.' बोटभर उंचीची निळसर हिरवी उशाब्ती होती, थडग्यात मृताबरोबर ठेवतात तशी सेवकाची मूर्ती. बाबा 'नको, नको' म्हणत परत देत होते, तो मागे सरत होता. तेवढ्यात ताडपत्रीच्या आडून तिसरा माणूस आला. गणवेश नाही, साधा कोट. खिशातलं पाकीट उघडून क्षणात मिटलं. बाबांच्या हातातली वस्तू बघून त्याने थेट कायदाच सांगितला: १९८३ चा ११७ क्रमांकाचा कायदा, पुरावस्तू जवळ बाळगणं, देशाबाहेर नेण्याचा प्रयत्न. तुमचे पासपोर्ट द्या. तुमची आई गाडीत आहे ना? तिचाही.

तो कायदा खरा आहे, आणि कडक आहे. १९८३ पासून इजिप्तमध्ये पुरावस्तूंची खरेदी-विक्री बंद आहे, जमिनीतून निघणारी प्रत्येक जुनी वस्तू सरकारची, आणि ती बाहेर नेणाऱ्याला जबर शिक्षा होते. खऱ्या कायद्याचा आधार असल्यानेच धमकी पोटात शिरते. त्यात आई एकटी, त्यांनीच पाठवलेल्या ड्रायव्हरबरोबर. मुफत्तिश मध्यस्थी करायला लागला, 'म्हातारे गृहस्थ आहेत, अभ्यासक आहेत, जाऊ द्या त्यांना.' पाचशे डॉलरवरून सुरुवात झाली. माझ्या पर्समध्ये होते तेवढे २२० डॉलर आणि काही गिनी, म्हणजे इजिप्तचे पौंड, घेऊन तो गेला. बाबा एक शब्द बोलत नव्हते. त्यांचे हात थरथरत होते. एवढ्या सगळ्यात ती 'पुरावस्तू' मात्र कुणी जप्त केली नाही, ती बाबांच्या मुठीतच राहिली होती. खरा अधिकारी ती आधी ताब्यात घेईल.

ती आम्ही गेटवरच्या पर्यटन पोलिसांच्या टेबलावर नेऊन ठेवली. जाताना माझी भीतीने गाळण उडाली होती, कारण तो कोटवाला पुन्हा तिथेच भेटला तर? पण तिथे गणवेशातले पोलीस होते, आणि एका फ्रेंच जोडप्याबरोबर आलेली परवानाधारक गाइड होती. ती आमच्यासाठी थांबली, सगळं अरबीतून सांगितलं. मूर्ती हातात घेतल्या घेतल्या तिने आम्हाला दाखवलं: कानापासून पायापर्यंत दोन्ही बाजूंनी एक बारीक उभी रेघ, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. ओला कागदी रुमाल घासला तर निळा रंग रुमालावर उतरला. खऱ्या फायान्सवर, म्हणजे अशा जुन्या मूर्तींच्या भाजीव पदार्थावर, भाजून आलेली झिलई असते, ती अशी सुटत नाही. पुढच्या अक्षरांच्या ओळीत एकच चिन्ह पाच वेळा कोरलेलं. अशा मूर्ती बाजारात ढिगाने मिळतात, आणि त्या घेणं गुन्हा नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, ड्रायव्हरच्या गाडीचा नंबर घेतला. ड्रायव्हर तोवर आईला गेटजवळच्या बाकावर उतरवून निघून गेला होता. आई सुखरूप होती, हाच मला त्या दिवसातला सर्वांत मोठा दिलासा होता.

त्या गाइडने परतताना आम्हाला तिच्या गाडीतून सोडलं आणि वाटेत जे सांगितलं, ते सगळ्यांना कळायला हवं. बंद असलेली जागा बघायची परवानगी इजिप्तमध्ये खरोखर मिळते. पण ती पर्यटन व पुरावस्तू मंत्रालयाच्या कचेरीतून, लेखी अर्ज करून, कचेरीत शुल्क भरून आणि पावती घेऊन. त्यावर जाणाऱ्यांची नावं असतात. चालू खोदकाम मात्र कुठलंही पथक पैशासाठी दाखवत नाही. मंत्रालयाने जाहीर करण्याआधी सापडलेली वस्तू बाहेर दाखवली तर त्या पथकाची खोदायची परवानगीच धोक्यात येते. वर्षानुवर्षं झटून मिळवलेलं काम शंभर डॉलरसाठी कोण घालवेल? आणि आणखी एक: या वाळूत जुनी विहिरींसारखी दफनं ठिकठिकाणी आहेत, कित्येक दहा-बारा मीटर खोल, भिंती ठिसूळ. बाबा ज्या खड्ड्यावर वाकले होते त्याची कड मोकळी होती, कठडा नव्हता. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आम्हाला आधी आलेले शवपेट्यांचे फोटोही मी नंतर तपासले. चित्र शोधून बघायची सोय फोनमध्ये असते. 'गेल्या आठवड्यात आमच्या खड्ड्यात' म्हणून पाठवलेला फोटो ऑक्टोबर २०२० च्या जाहीर कार्यक्रमाचा होता, जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलेला. एवढी एक गोष्ट पैसे पाठवण्याआधी करता येते आणि तिला दोन मिनिटंही लागत नाहीत.

सक्काऱ्याला जरूर जा. माझा राग त्या चौघा-पाच जणांवर आहे, त्या जागेवर नाही आणि तिथल्या माणसांवर तर मुळीच नाही. थडग्याच्या दारात बसलेला पहारेकरी, गफीर, टॉर्च धरून दोन चित्रं दाखवेल आणि थोड्या बक्षिसाची अपेक्षा करेल. ते द्यायला हरकत नाही, त्यांचा पगार तुटपुंजा असतो. मात्र तो तुम्हाला दोरीपलीकडे बोलावत असेल तर जाऊ नका. सेरापियमसारख्या काही जागांची वेगळी तिकिटं असतात, ती खिडकीवरच काढा. उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये उतरता आलं तर उतराच. भिंतीभर कोरलेली, निळा रंग भरलेली अक्षरं, आणि वर छतावर तारे. बाबा दुसऱ्या दिवशी त्या गाइडबरोबर पुन्हा गेले, उनासच्या दालनात उभे राहिले, आणि सेखेमखेतचा खरा उंचवटा लांबून पाहिला. तिने तो बोटाने दाखवला. आम्हाला नेलं होतं ती जागा तिथून बरीच बाजूला होती.

कुणी पुरावस्तू हातात द्यायला लागलं तर मूठ उघडू नका, हात मागे घ्या. दिलीच तर खाली वाळूवर ठेवून लोक असतील त्या बाजूला चालू लागा. साध्या कपड्यातला कुणी पोलीस म्हणून पासपोर्ट मागू लागला तर 'गेटवरच्या कचेरीत चला, तिथे देते' एवढंच म्हणा. इजिप्तमध्ये पर्यटन पोलिसांचा नंबर १२६ आहे, तो फोनमध्ये आधीच साठवून ठेवा आणि बोलणाऱ्याच्या समोरच लावा. सोबतच्या ज्येष्ठ माणसाला दुसऱ्याने ठरवलेल्या गाडीत एकटं बसवू नका. गाडी हॉटेलकडून किंवा ॲपवरून आपणच ठरवा.

पैसे परत मिळालेले नाहीत. पैसे पाठवणाऱ्या दुकानाने हात वर केले, कारण घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवून रोख उचलली होती. आमची तक्रार नोंदलेली आहे, पुढे काही कळलेलं नाही. ज्या खात्यावरून बाबांना निरोप यायचे ते बंद झालं, पण त्याच फोटोंचं दुसरं खातं गेल्या महिन्यात माझ्या नजरेस पडलं. आता तिथे सक्काऱ्याच्या दक्षिणेला असलेल्या दहशूरच्या पिरॅमिडची 'संशोधकांसाठी खास भेट' विकतात आणि रक्कम २०० डॉलर केली आहे. परवानगीपत्र तेच आहे, फक्त जागेचं नाव बदललंय. तुमच्याकडे तो कागद आला तर या खुणा बघा: मुद्रेतल्या गरुडाचा डावा पंख कापला गेलाय, जाणाऱ्यांच्या नावांसाठी जागाच नाही, आणि राजाचं नाव वरच्या ओळीत एका तऱ्हेने तर खालच्या ओळीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलंय.